मित्राच्या बाबांबरोबर केस कापायला गेलेला मुलगा तीन तासांनी आला, तिथे एवढं असतं तरी काय?

मीठभाकर:
नमस्कार मंडळी, आम्ही डरहॅमला (नॉर्थ कॅरोलिना) येऊन दीड वर्ष झालं. लेक आठ वर्षांचा, त्याचा वर्गातला जिवलग मित्र ब्लॅक आहे, पलीकडच्याच गल्लीत राहतात. शनिवारी त्याचे बाबा म्हणाले याला बार्बरशॉपमध्ये नेतोय, तुमचा पण मागे लागलाय, नेऊ का? म्हटलं न्या, अर्ध्या तासाचं तर काम. साडेनऊला गेलेली पोरं साडेबाराला उगवली! मध्ये मी दोनदा मेसेज केला तर दोन्ही वेळा "अजून नंबर यायचाय". आणि आमचे चिरंजीव खूष, स्वतःचे केस कापलेच नाहीत पण कोणी एक आजोबा त्याच्याशी चेकर्स (पटावरचा सोंगट्यांचा खेळ) खेळले म्हणे आणि एकदाही मुद्दाम जिंकू दिलं नाही, आपले आजोबा देतात तसं. आता दर वेळी जायचंय म्हणतोय. नवऱ्याचं म्हणणं त्या बाजूला उगाच कशाला. मला कळेना हा नक्की काय प्रकार आहे. कोणाला अनुभव?

पेरूची_फोड:
खुर्चीच्या हातांवर आडवी फळी टाकून बसवतात का अजून? आमच्या साताऱ्याच्या सलूनमधली फळी मी अजून विसरलेलो नाही 😄

जुना_डरहॅमकर:
२२ वर्षं इथे आहे म्हणून जरा लांबण लावतो. पहिलं कारण अगदी साधं, केस. त्यांच्या केसांचा फेड (कडेने बारीक होत जाणारा कट) किंवा कपाळावरची ती रेघ (लाइनअप म्हणतात) पंधरा दिवसांत बिघडते आणि मॉलमधल्या सलूनवाल्यांना बऱ्याचदा ते केस कापताच येत नाहीत, एकदा बिघडले की पोराची शाळेत महिनाभर चेष्टा. त्यामुळे हात बसलेला एक माणूस धरून ठेवतात. म्हणजे बघा, तिसऱ्या वर्षापासून कॉलेजला जाईपर्यंत वर्षाला वीस-पंचवीस वेळा पोरगा त्याच माणसासमोर मान खाली घालून बसतो, त्याला याचे मार्क, भांडणं, मिशी फुटलेली, सगळं माहीत असतं.

दुसरं म्हणजे तुमच्या डरहॅमचाच इतिहास. जॉन मेरिक, १८५९ साली गुलामीत जन्मलेला माणूस, इथे न्हावी म्हणून आला. त्याची काही दुकानं फक्त गोऱ्या गिऱ्हाइकांसाठी होती आणि काही काळ्यांसाठी. त्याने १८९८ मध्ये बाकीच्यांना घेऊन नॉर्थ कॅरोलिना म्युच्युअल ही विमा कंपनी काढली, पॅरिश स्ट्रीटवर पाटी आहे, मुलाला दाखवा. अटलांटाच्या अलोंझो हर्नडनची कथा पण तशीच, वस्तरा आधी आणि विमा कंपनी नंतर. त्याच्या पीचट्री स्ट्रीटवरच्या दुकानात तर गिऱ्हाईक सगळं गोरं. काळ्या माणसाला जे थोडे धंदे स्वतःच्या मालकीने करता आले त्यातला हा एक, म्हणून तिथे बोलताना कोणाची भीती नव्हती. पोरांना आजही तिथेच कळतं की पोलिसांनी गाडी थांबवली तर हात कुठे ठेवायचे. घरी बाप सांगतोच, पण चार परक्या माणसांनी आपापली गोष्ट सांगितली की पोरगं ऐकतं.

नवऱ्याच्या "त्या बाजूला" वर मी काही बोलत नाही, आपल्या गेट-टुगेदरमध्ये हेच ऐकून कान किटलेत.

वेशीबाहेरचा:
गोऱ्यांसाठी वेगळं दुकान वाचून थांबलो. माझ्या आजोबांच्या डोक्याला गावच्या न्हाव्याने कधी हात लावला नाही, वाड्यातली माणसं एकमेकांचे कापायची. आजोबा सांगायचे की रविवारी आमच्या वाड्यासारखी मजा गावच्या दुकानात नव्हती. फरक एवढाच की आमच्यातल्या कोणाचं त्यातून दुकान उभं राहिलं नाही.

गोळीवाली:
फार्मसिस्ट आहे म्हणून माझी पिंक. लॉस एंजेलिसमध्ये डॉ. रोनाल्ड व्हिक्टर यांनी बार्बरशॉपमध्ये बीपीची ट्रायल केली होती, २०१८ ला आली. ५२ दुकानं, बीपी वाढलेले ३१९ ब्लॅक पुरुष. निम्म्या दुकानांत फार्मसिस्ट स्वतः जाऊन तिथेच गोळ्या ठरवून द्यायचे, बाकीच्यांत न्हावी नुसतं डॉक्टरकडे जा सांगायचा. सहा महिन्यांत वरचं बीपी पहिल्यांचं सरासरी २७ ने उतरलं, दुसऱ्यांचं ९ ने. आमच्या दवाखान्यात बोलावून न येणारी माणसं ही! आणि शेजारच्या खुर्चीत बसलेला पोरगा ते बघत असतो हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

शिकागोची_सून:
सगळे भारावलेत म्हणून जरा उलटं बोलते. माझ्या नणंदेचा नवरा ब्लॅक आहे, त्याच्या नेहमीच्या बार्बरशॉपमध्ये मी बसलेय. गप्पा कधी कधी फार वाह्यात असतात, बायकांवरचे जोक तर विचारू नका, आणि एखादा पोरगा जरा नाजूक चालीचा असला की त्याला टोमणे. चांगला न्हावी लगेच दाबतो, सगळे दाबत नाहीत. आणि हो, तिथला न्हावी दर आठवड्याला दुकानाच्या मालकाला खुर्चीचं भाडं भरतो, उभं राहून कंबर गेलेली. समाजकार्य त्यात फुकट चाललंय.

फळा_खडू:
शिकागोशी बरीच सहमत, पण त्या रिकाम्या तीन तासांचं कोणीतरी सोनं पण केलंय. अल्विन इर्बी म्हणून न्यूयॉर्कचे शिक्षक, ब्रॉन्क्समध्ये पहिलीला शिकवायचे. केस कापायला गेले तर त्यांचाच विद्यार्थी तिथे कंटाळून बसलेला. त्यातून बार्बरशॉप बुक्स सुरू झालं, दुकानात चार ते आठ वर्षांच्या मुलांसाठी पुस्तकांचं शेल्फ. प्राथमिक शाळेत पुरुष शिक्षक आधीच कमी, ब्लॅक पुरुष तर शोधावे लागतात, म्हणून पोराच्या हातात पुस्तक आहे आणि समोर बाप्या माणूस आहे हे दृश्यच दुर्मिळ.

मीठभाकर:
सगळ्यांना धन्यवाद, एवढं येईल वाटलं नव्हतं. @वेशीबाहेरचा, तुमचं नवऱ्याला वाचून दाखवलं, काही बोलला नाही. @पेरूची_फोड, हो, फळी आहे! मी काल मित्राच्या आईबरोबर स्वतः जाऊन आले. एक चार वर्षांचा पोरगा फळीवर बसून मशीनच्या आवाजाला घाबरून मान आत ओढत होता, न्हाव्याने मशीन बंद करून त्याच्याच हातात दिलं, म्हणाला आधी माझ्या हातावर चालव. मागचे सगळे गप्प, कोणाला घाई नाही. झाल्यावर मानेवर पावडर आणि ब्रश, मग आरसा, मग बाकावरचा प्रत्येक जण एक-एक शेरा. पोरगं फुगून टम्म.

पुढच्या शनिवारी नवरा नेतोय दोघांना. स्वतःचे पण कापून घेईन म्हणतोय, आपले सरळ केस त्यांना जमतात का कोणी सांगा.