लग्नाची बस ठरवताना काय तपासायचं?

भाचीच्या लग्नाला सोलापूरहून नाशिकला ४० माणसं न्यायचीत. काल जुळे सोलापुरात बस बघितली. मागच्या संकटकालीन दारापुढे जादा सीट ठोकलीय, कडीवर रंगाचा थर. आग विझवायच्या सिलिंडरचा काटा लाल पट्ट्यात. मालक म्हणाला, "काका, काही होत नाही." आईला गुडघ्यांमुळे पटकन उठता येत नाही. ॲडव्हान्स द्यावा का?

उत्तर: देऊ नका हो. २० वर्षं गाडी चालवलीय मी. पुढे सीट असलेलं दार म्हणजे दार नाहीच. १ जुलै २०२३ला समृद्धीवर सिंदखेडराजाजवळ बस चढायच्या दाराच्याच बाजूवर उलटून पेटली, २५ जण गेले. कडी स्वतः आतून उघडून बघा. काच फोडायची हातोडी जागेवर हवी. घाव कोपऱ्यात घालायचा, मधोमध नाही.

उत्तर: डिकीत फटाके, गॅसची शेगडी चढवू देऊ नका, वऱ्हाडात हमखास होतं. फिटनेस, विमा एमपरिवहन ॲपवर दिसतो. आईंना पुढे, दाराजवळ बसवा.

प्रश्नकर्ता: आज दुसरी गाडी बघितली. दार पहिल्यांदा अडकलं, ड्रायव्हरनं तिथंच बिजागरीत तेल सोडलं, मग एका हातानं उघडलं. हीच ठरवली.