'पाखाडी' म्हणजे पायऱ्यांची वाट की वस्ती?

भाषांतरकार: वांद्र्याच्या टेकडीवरच्या रस्त्यांना त्यांची नावे कशी पडली, याविषयीच्या एका इंग्रजी लेखाचे मी मराठीत भाषांतर करीत आहे. त्यात एका जुन्या खरेदीखताचा हवाला आहे. घर अमुक पाखाडीत असून त्याच्या वरच्या अंगाने टेकडीकडे वाट जाते, असा त्याचा आशय आहे. माझे आजोळ गुहागरकडचे असल्यामुळे मी फारसा विचार न करता 'चिऱ्यांच्या पायऱ्यांची वाट' असे लिहून टाकले. मजकूर तपासणाऱ्या बाईंनी ते खोडून 'वाडी' केले आणि कोकणातला अर्थ मुंबईला लावू नये, असे समासात लिहिले. लहानपणापासून पायांनी ओळखीचा असलेला शब्द कोणी असा खोडला की वाईट वाटते. जाणकारांनी कृपया सांगावे.

दापोलीकर: ताई, तुमचा अर्थ चूक नाही. आमच्याकडे पाखाडी म्हणजे उतारावर जांभ्याचे चिरे बसवून केलेली वाट. तिच्या पायऱ्या जिन्यासारख्या अरुंद नसतात. डोक्यावर भारा असलेल्या माणसाला दोन पावले टाकून मग पुढची पायरी चढता यावी इतक्या त्या ऐसपैस असतात, आणि वर्षानुवर्षांच्या वापराने चिरा मधोमध झिजून त्याला खोलगट बाक येतो. पावसाळ्यात या बाकातच पाणी साचून शेवाळ धरते, म्हणून जुनी माणसे कडेने चालायला सांगत. ही वस्तू डोळ्यांसमोर असणाऱ्याला पाखाडी म्हणजे वाडी हे पटणे अवघड आहे.

उत्तर कोकणातील वाचक: दापोलीकरांच्या वर्णनाविषयी आदर आहेच, पण खतातली विभक्ती पाहावी. घर 'पाखाडीत' आहे, 'पाखाडीवर' किंवा 'पाखाडीलगत' नाही. वाटेत कोणी घर बांधत नाही. साष्टी आणि वसईच्या भागात गावठाणातल्या एकेका वस्तीला पाखाडी म्हणतात. वांद्र्यातली पाली, चुईम ही अशीच जुनी गावे. शिवाय त्याच वाक्यात 'वाट' हा शब्द वेगळा आलेला आहे. पाखाडी हीच वाट असती, तर लिहिणाऱ्याने दुसरा शब्द कशाला योजला असता? तपासणाऱ्या बाईंचे म्हणणे मला बरोबर वाटते, फक्त त्यांनी 'वाडी' न करता 'पाखाडी' तसाच ठेवायला हवा होता.

व्युत्पत्तीचा अभ्यासक: दोन्ही अर्थ एकाच मुळातून आले असावेत, असे मला पुष्कळ दिवसांपासून वाटते. घराच्या छपराच्या उतरत्या बाजूंना आपण पाखे म्हणतो. संस्कृत 'पक्ष' म्हणजे बाजू, त्याचा मराठीत 'पाख' होतो. पक्षी आणि पाखरू ही जोडी सर्वांना ठाऊक आहे. डोंगराची उतरती बाजू ती पाख, तिच्यावरून जाणारी वाट ती पाखाडी, आणि गावाची एक बाजू तीही पाखाडीच. एकाने उताराकडे पाहिले, दुसऱ्याने बाजूकडे.

निवृत्त शिक्षक: इतके लांब जाण्याची गरज नाही. पाषाण, पाखाण, पाखाडी असा सरळ क्रम आहे. वाट दगडाची आहे, म्हणून नावातही दगड आहे.

व्युत्पत्तीचा अभ्यासक: सर, 'ष'चा 'ख' हा उच्चार हिंदीच्या प्रदेशातला. प्राकृतात पाषाणाचा 'पाहाण' होतो आणि जुन्या मराठीतही 'पाहाण'च आढळतो. मराठीपुरते बोलायचे तर ही पायरी निसटते.

शुद्धलेखनाचा आग्रही: मला मूळ भाषांतराविषयीच सांगायचे आहे. लेखात 'हिल रोड', 'पाली हिल' ही नावे तशीच ठेवणार का? आपल्याकडे 'टेकडी' आणि 'मार्ग' असताना इंग्रजी कशाला? 'रस्ता'सुद्धा फारसीतून आलेला आहे, तेव्हा 'मार्ग'च लिहावे.

जुन्या नकाशांचा वाचक: नावांच्या उगमावरच्या लेखात नावेच बदलली, तर शोधायचे काय उरले? हिल रोडचे अधिकृत नाव रामदास नायक मार्ग आहे, पाली हिल रोडचे नर्गिस दत्त मार्ग. मलबार हिलवरच्या रिज रोडला बाळ गंगाधर खेरांचे नाव दिले गेले. या व्यक्तींविषयी मला पूर्ण आदर आहे, पण जुन्या नावांत जमीन दिसत होती, हेही तितक्याच कळकळीने सांगावेसे वाटते. रिज म्हणजे टेकडीचा माथा. नाव ऐकताच रस्ता कुठून जातो ते कळे. चौपाटीकडून मलबार हिलवर चढणाऱ्या सिरी रोडच्या नावात तर शिडी आहे, असे मानतात. डोंगरी हे नाव कोणाला फोड करून सांगावे लागत नाही, आणि गिरगावात अनेकांना 'गिरी' दिसतो. सॅम्युअल शेपर्ड यांनी 1917 साली मुंबईतल्या स्थळनामांवर आणि रस्त्यांच्या नावांवर इंग्रजीत पुस्तकच काढले. उताराच्या गावात पहिली नावे चालणाऱ्याच्या पायांनी ठेवलेली असतात, आणि ती पुसली की उतार तिथेच राहतो, त्याची खूण मात्र जाते.

शुद्धलेखनाचा आग्रही: मग 'सिरी' हा शिडीचा अपभ्रंश आहे असे मानून तुम्ही 'शिडी मार्ग' लिहाल का? इंग्रजांनी बिघडवलेला उच्चार आपण का जपावा?

जुन्या नकाशांचा वाचक: नाही लिहिणार. तो उच्चार मराठी 'शिडी'चा बिघडलेला आहे की हिंदुस्थानी 'सीढी'च्या जवळचा, हे आधी ठरवावे लागेल, आणि दुरुस्ती केल्यावर तो प्रश्न विचारण्याची सोयच राहणार नाही.

भाषांतरकार: आपणां सर्वांचे आभार. 'सिरी'ची माहिती मला नवी होती. माझे पान मात्र अजून तसेच पडले आहे. खतातल्या घरासाठी 'पाखाडीत' ठेवून पुढे खुलासा द्यायचा झाला, तर तो कोणत्या अर्थाने द्यावा?

उत्तर कोकणातील वाचक: वस्ती. विभक्तीच्या पलीकडे दुसरा पुरावा हाताशी नाही.

दापोलीकर: विभक्तीचा मुद्दा वाचल्यापासून मी आमच्या घरातली बोलणी आठवीत बसलो आहे. आजी 'पाखाडीवर पडला' म्हणत असे, तिथे वाटच होती. पण लग्नाची आमंत्रणे करायला निघताना ती 'वरच्या पाखाडीची माणसे राहिली' असेही म्हणत असे, आणि त्या माणसांची घरे पायऱ्यांच्या दोन्ही अंगांना होती.