साफसफाईची रसायनं आणि दुखणी: तुमचे अनुभव लिहा

फरशी चकाचक होते, पण घासणाऱ्याचं काय होतं? हाताची सालं निघणं, डोळे चुरचुरणं, दम लागणं, काहीही चालेल. बाटलीवरचं नाव नको, आत काय होतं ते लिहा.

——

वहिनींनी संडासात अ‍ॅसिड ओतलं. डाग हलेना म्हणून वरून ब्लीच. फसफसून जो उग्र दर्प आला, त्यासरशी त्या खोकत बाहेर पळाल्या. हा क्लोरीन. हवेच्या जवळपास अडीचपट जड, म्हणून खाली साचतो, आणि आपण घासतो तेही उकिडवं बसूनच! थोड्या वेळाने बरं वाटलं, रात्री मात्र छाती घरघरायला लागली. फुप्फुसांना सूज काही तासांनीही येते, असं डॉक्टरांनी सांगितलं. १९१५ साली युद्धात सैनिकांवर सोडला तो हाच वायू. आपण तो आतून कडी लावून तयार करतो.

——

ब्लीच आणि अमोनियाही एकत्र नको. काचा पुसायच्या काही द्रावणांत अमोनिया असतो.

——

मी तातडीच्या विभागात नर्स आहे. पाण्याच्या बाटलीत भरून ठेवलेलं रॉकेल नाहीतर नाली मोकळी करायचं द्रावण मूल पिऊन बसतं. घरचे घाबरून मिठाचं पाणी पाजतात, उलटी काढायला बघतात. कृपा करून नका! नालीच्या द्रावणातलं कॉस्टिक आत जाताना अन्ननलिका भाजतं, वर येताना पुन्हा भाजतं. रॉकेल उलटीबरोबर फुप्फुसात उतरतं. मूल आणताना ती बाटलीही घेऊन या.

——

भाच्याची कावीळ उतरेना, तेव्हा डॉक्टरांनी पहिल्यांदा विचारलं, "दुपटी कुठे ठेवली होती?" पेटीत, डांबराच्या गोळ्यांसोबत. त्याला जी-६-पीडीची, म्हणजे तांबड्या पेशींना जपणाऱ्या एका विकराची (एन्झाइमची), कमतरता निघाली. अशा बाळांच्या तांबड्या पेशी या गोळ्यांतल्या नॅप्थलीनने फुटतात.

——

दम्याचा पंप वाढवण्याआधी मला डॉक्टरांनी फवारे बंद करायला लावले. आता द्रावण कापडावर ओतून पुसते, खोकला बराच कमी आहे. नॉर्वेतल्या बर्गन विद्यापीठाच्या संशोधकांनी २० वर्षं माणसं तपासली होती. २०१८ साली त्यांनी मांडलं की साफसफाई करणाऱ्या बायकांची फुप्फुसांची क्षमता इतर बायकांपेक्षा लवकर घटते. पुरुषांत तसं दिसलं नाही. (घासणारे पुरुष होतेच थोडे!)

——

मग घाण तशीच ठेवायची का?

——

रोजच्या फरशीला साबणाचं पाणी पुरतं हो.

——

कॉस्टिकवर पाणी ओतायचं की पाण्यात कॉस्टिक?

——

गार पाण्यात कॉस्टिक, थोडं थोडं. उलट केलंत तर उकळून तोंडावर उडेल. चष्मा लावा.