अप्पांच्या उशा कोणी काढल्या?

माधवी: काल रात्री अप्पांच्या दोन उशा कोणी काढल्या? मध्यरात्री धापा टाकत उठून बसले. उशा काढू नका असं मागेही इथेच लिहिलं होतं.

नंदाआत्या: मी काढल्या. दादाची मान अवघडते. एवढं रागवायला काय झालं?

बाळूकाका: दादाला भरपूर पाणी द्या. पाणी कमी पडतं, उठल्यावर चक्कर त्यामुळेच येते 🙏

केतकी: आत्याआजी, आडवं झालं की पायांतलं, पोटातलं रक्त छातीकडे परततं. अप्पांच्या हृदयाला ते पुढे ढकलणं जमत नाही, फुफ्फुसांत दाटतं. उशा मानेसाठी नाहीत, श्वासासाठी आहेत.

शेखर: डॉक्टरांना विचारलं का कोणी?

माधवी: विचारलं भाऊजी. दर वेळी मीच जाते, मीच विचारते.

बाळूकाका: पाणी वाढवा. कालही सांगितलं 🙏

ऋषी: काका, टँकर मागवू? 😄

नंदाआत्या: ऋषी, इथे चेष्टा नको.

केतकी: बाळूआजोबा, पाण्याचं माप डॉक्टरांनी ठरवून दिलंय, कृपया वाढवू नका. उभं राहिलं की कोणाचंही अर्धा-पाऊण लिटर रक्त खाली उतरतं. मग नाडी वाढते, रक्तवाहिन्या आवळतात, दाब सावरतो. अप्पांसारखं हृदय कमजोर झालं, म्हणजे हार्ट फेल्युअरमध्ये, शरीर हे सगळं बसल्या जागीही करत असतं, आयत्या वेळी वाढवायला फारसं उरत नाही. त्यात बीपीच्या गोळ्या. लघवीच्या गोळीने पाणी जास्त गेलं तरीही चक्कर येते, ते तुमचं खरं.

बाळूकाका: तेच म्हणतोय मी!! पाणी द्या.

शेखर: मग ती गोळी बंद करा ना.

केतकी: काका, अजिबात नाही! छातीत पाणी भरेल. डोस डॉक्टरच बदलतील.

माधवी: आज आडवे असताना वरचं बीपी 118, उभं राहून 3 मिनिटांनी 94. 20 किंवा जास्त उतरलं तर कळवा, असं डॉक्टर म्हणाले होते. फोन केलाय, संध्याकाळी बोलावलंय.

नंदाआत्या: चपला घालायला वाकला तरी धाप लागते त्याला. मला वाटलं वयामुळे.

केतकी: नाही आत्याआजी. वाकल्यावर अर्ध्या मिनिटात धाप लागणं हे हृदयाचंच लक्षण असू शकतं. माधवीकाकू, डॉक्टरांना हेही सांगा. आणि तोवर उठताना आधी पलंगाच्या कडेला बसू दे, मग उभं.

शेखर: मी गाडी पाठवतो.

माधवी: गाडी आहे भाऊजी. तुम्ही या. जे विचारायचं ते समोर विचारा.

शेखर: बरं. किती वाजता?

बाळूकाका: पाण्याचंही विचारा 🙏