नवा टॉर्क कन्व्हर्टर रुळवायचा की सरळ पळवायचा?

वेळणेश्वर ४x४
माझ्या ऑटोमॅटिक डिझेलच्या टॉर्क कन्व्हर्टरचा (इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सकडे नेणारा भाग) लॉकअप, म्हणजे दोन्ही थेट जोडणारा आतला क्लच, गेला होता. साठ-सत्तरच्या वेगाला पाय हलका ठेवला की रस्त्यावरच्या रंबलर पट्ट्यांवरून गेल्यासारखी गाडी थरथरायची. गेल्या आठवड्यात चिपळुणात जास्त स्टॉलचा (गाडी ब्रेकवर अडवून रेस दिली तर इंजिनाला जास्त फेऱ्यांपर्यंत चढू देणारा), मजबूत लॉकअपचा नवा कन्व्हर्टर बसवला. मिस्त्रींनी बजावलंय: 500 ते 800 किमी फुल रेस नाही, होडीचा ट्रेलर ओढायचा नाही. भाऊ म्हणतो, हे पथ्य इंजिनाचं, इथे आत नुसतं तेल फिरतं. मला मिस्त्रींचं पटतं. लॉकअपचं नवं अस्तर सुरुवातीला सगळीकडून सारखं टेकत नाही. तेवढ्यात जोर काढला तर ते तापून गुळगुळीत होतं आणि पुन्हा तीच थरथर मागे लागते. तुमचं मत सांगा.

परशुराम घाट
नाही पटलं. इंजिनात रिंगा आणि लायनर घासून जुळतात. इथे आतली पात्यांची चाकं, म्हणजे इंपेलर, टर्बाइन, स्टेटर, एकमेकांना शिवतही नाहीत. 1905 साली हर्मान फॉटिंगरने याचं पेटंट घेतलं ते जहाजांसाठी, वाफेच्या टर्बाइनचा भन्नाट वेग पंख्याला झेपेल इतका उतरवायला. शक्ती तेलातूनच जाते, मग रुळायचं कोणी?

नवा कन्व्हर्टर मरतो तो बसवण्यातल्या चुकीने. माझा तसाच गेला. गॅरेजवाल्याने तो आत ढकलला, एकदाच ‘खट्’ झालं, म्हणजे पूर्ण बसलाच नव्हता, उरलेलं अंतर त्याने बोल्ट आवळून ओढून घेतलं. 40 किमीवर गिअरबॉक्सचा पंप फुटला. मी हळूच चालवत होतो हो! जुन्या कन्व्हर्टरचा कचरा कूलरच्या नळ्यांत राहिला तरी हेच भोग. 800 किमी मोजण्यापेक्षा त्या नळ्या धुतल्या का ते विचारा.

वेळणेश्वर ४x४
नळ्या माझ्यासमोर धुतल्या. ‘खट्’ तीनदा ऐकलं आणि फ्लेक्सप्लेटपाशी (इंजिनाला कन्व्हर्टर जोडणारी चकती) फट मोजल्यावरच बोल्ट लागले. तुमचं नुकसान वाचून वाईट वाटलं. पण फॉटिंगरच्या यंत्रात लॉकअप नव्हता, माझ्यात आहे. घासून जुळायचं ते तेवढंच, म्हणून जपायचं. सध्या गुहागर बाजार ते घर, तिसाच्या वर जात नाही.

मिरकरवाडा डिझेल
मग तुम्ही काहीच रुळवत नाही आहात! बाजारात तिसाने फिरताना लॉकअप बहुतेक वेळ उघडाच असतो. 800 किमी असे काढलेत तरी अस्तर कोरं ते कोरंच. हायवेला काढा. 66 वर रत्नागिरी ते राजापूर, 60 ते 80 च्या दरम्यान, पाय कधी हलका कधी थोडा जड, म्हणजे लॉकअप लागेल, सुटेल, परत लागेल.

आणि खरा वैरी उष्णता. कुंभार्लीत ट्रकमागे रांगत चढताना कन्व्हर्टर घसरत असतो, आणि घसरण म्हणजे ताप. ब्रेक दाबून रेस दिलीत आणि 50 किलोवॅट आतल्या तीनेक लिटर तेलात गेले, तर तेल सेकंदाला 10 अंशांनी तापतं. हिशोब करून बघा. नव्या स्टॉलची परीक्षा सध्या घेऊच नका.

परशुराम घाट
66 वर साठ-ऐंशीने तर माणूस रोजच जातो. याला पथ्य कशाला म्हणायचं? अस्तर आपोआप बसेल. लोक किलोमीटर मोजत बसतात आणि तेल गरम असताना पातळी बघायची राहते. मी माझ्या मतावर ठाम आहे.

मिरकरवाडा डिझेल
तुम्ही रिकाम्या गाडीने जाता. यांच्या मागे होडी असते. फरक तिथे पडतो.

वेळणेश्वर ४x४
तिसाचा हट्ट चुकला, मान्य. ट्रेलर मात्र अंगणातच राहणार. उद्या पहाटे चिपळूणमार्गे 66 ला लागतो, राजापूरपर्यंत जाऊन येतो. पातळी परतल्यावर गरम तेलातच बघेन. 800 झाले की गिअरबॉक्सचा सम्प (खालचं तेलाचं भांडं) उघडून चुंबकावर काय जमलंय त्याचा फोटो इथे टाकतो.