मदत हवी आहे : ‘द रेड स्लीव्ह’च्या शेवटाचा अर्थ कसा लावावा?

नमस्कार.

ज्यांनी ही कोरियन मालिका पाहिलेली नाही, पण पुढे पाहायची आहे, त्यांनी कृपया इथेच थांबावे. माझा प्रश्न थेट शेवटच्या, म्हणजे सतराव्या भागाविषयी आहे आणि शेवट न फोडता तो विचारता येणार नाही.

एमबीसी वाहिनीवर नोव्हेंबर २०२१ ते जानेवारी २०२२ या काळात दाखवली गेलेली ही मालिका मी गेल्या महिन्यात आईसोबत पाहिली. जोसॉन घराण्याचा बाविसावा राजा जॉंगजो, म्हणजेच यी सान, आणि राजवाड्यातली सेविका सॉंग दॉक-इम यांची ही कथा आहे. ली जुन-हो आणि ली से-यंग या दोघांचीही कामे उत्तम आहेत. मालिकेच्या नावातली लाल बाही म्हणजे सेविकांच्या बाह्यांची लाल किनार. ही बाई राजाची आहे, असे ती किनार न बोलता सांगते.

राजा आणि सामान्य घरातली मुलगी म्हटल्यावर पुढचे सारे आपल्याला पाठ असते. इथे मात्र राजा मागणी घालतो आणि ती नको म्हणते. तो तिला आवडत नाही म्हणून नव्हे, तर सेविका असताना तिच्याकडे थोडेसे का होईना स्वतःचे असे काहीतरी आहे म्हणून. जिवाभावाच्या तीन मैत्रिणी आहेत, गोष्टी वाचून दाखवण्याची हातोटी आहे, वळणदार अक्षर आहे. एकदा राणीवशात गेले की एका माणसाच्या पावलांची वाट पाहण्यापलीकडे दिवसाला काही उरणार नाही, हे तिला पक्के ठाऊक आहे.

हे लेखकाच्या कल्पनेतले असेल असे मला वाटले होते, म्हणून थोडे वाचले. तिच्या मृत्यूनंतर जॉंगजोने स्वतः लिहिलेल्या समाधिलेखात तिच्या नकाराची नोंद आहे. पहिल्यांदा, राणीला अजून मूल झालेले नाही असे सांगून तिने रडत नकार दिला, आणि सुमारे पंधरा वर्षांनी त्याने पुन्हा विचारले तेव्हाही नकारच दिला. मग त्याने तिच्या दासीला शिक्षा केली, तेव्हा कुठे ती राजी झाली. राजाने स्वतःच्या हाताने हे लिहून ठेवावे, याचे मला अजूनही नवल वाटते. १७७३ साली राजाच्या बहिणींबरोबर तिने नकलून काढलेली एक कादंबरीही आज उपलब्ध आहे. १७८६ साली त्यांचा लहानगा युवराज गोवराने गेला आणि त्याच वर्षी गरोदरपणातच तीही गेली.

आता प्रश्नाकडे येते. मरणापूर्वी दॉक-इम राजाला नव्हे, तर आधी मैत्रिणींना बोलावण्याची विनंती करते. राजा येतो तेव्हा ती त्याला सांगते की, पुढच्या जन्मी मी दिसले तर ओळख न दाखवता निघून जा. माझ्यावर कधी थोडेही प्रेम नव्हते का, असे तो विचारतो. त्यावर, मनातून नकोच असते तर मी कसेही करून पळून गेले असते, तुमच्याजवळ राहणे ही अखेर माझीच निवड होती, असे तिचे उत्तर असते. ‘प्रेम आहे’ हे दोन शब्द ती तेव्हाही उच्चारत नाही. पुढे बऱ्याच काळाने राजा तिच्या वस्तूंची पेटी उघडतो आणि तिचा सेविकेचा पोशाख हातात घेतो. तो इतका लहान असतो की, ही एवढीशी होती, हे त्याला पहिल्यांदाच जाणवते. जिला तो आयुष्यभर आपली म्हणत आला, तिचे माप त्याला रिकाम्या कपड्यांवरून कळते. तिथे आम्हा दोघींच्याही डोळ्यांत पाणी आले.

मग तो मरतो आणि तिच्या शेजारी जागा होतो. तिकडे कामे खोळंबली आहेत, परत जा, असे ती सांगते. तो जात नाही, माझ्यावर प्रेम कर अशी विनवणी करतो आणि ती त्याला जवळ करते. मला हा प्रसंग म्हणजे त्याने शेवटी राजेपण उतरवून ठेवणे वाटले, कारण एरवी ज्याने प्रत्येक वेळी राज्य आधी ठेवले, तो इथे पहिल्यांदाच तिच्यासाठी थांबतो. आईचे मत अगदी उलट आहे. “ओळख दाखवू नकोस म्हणाली होती ना ती? मेल्यावरसुद्धा ऐकलं नाही त्याने तिचं,” असे म्हणून ती चहा टाकायला उठली. (थेऊरच्या माधवराव-रमाबाईंच्या कथेवर वाढलेल्या आईकडून मला ही अपेक्षा नव्हती.) तेव्हापासून मला तो प्रसंग पूर्वीच्या निवांतपणे पाहता येत नाही.

ज्यांना कोरियन येते, त्यांच्याकडून मला विशेष मदत हवी आहे. ऐतिहासिक मालिकांत प्रेमासाठी ‘यॉनमो’ असा जुना शब्द ऐकू येतो, तर या शेवटच्या विनवणीत मला आजच्या बोलण्यातला ‘सारांग’ ऐकू आल्यासारखे वाटले. इंग्रजी उपशीर्षकांत दोन्हींसाठी एकच शब्द येतो. हा बदल खरोखर आहे का, आणि असल्यास कोरियन कानाला तो राजाचा हुकूम वाटतो की एका साध्या माणसाची याचना? माझ्या आणि आईच्या वादाचा निकाल बराचसा यावरच अवलंबून आहे.

शिवाय, ज्या बाईविषयी आपल्याला जे काही कळते ते बहुतेक राजाच्याच लेखणीतून कळते, तिच्या मनातले या मालिकेने बरोबर ओळखले असे तुम्हाला वाटते का? जॉंगजोची आई ह्येग्यॉंग हिच्या आठवणींचे इंग्रजी भाषांतर मी मागवले आहे. राजवाड्यातील सेविकांच्या जीवनावर आणखी काही वाचनीय असल्यास कृपया सुचवावे, मराठीत असल्यास फारच उत्तम, म्हणजे आईलाही वाचता येईल.

येत्या रविवारी आम्ही शेवटचा भाग पुन्हा पाहणार आहोत. त्याआधी ‘सारांग’चा उलगडा झाला तर बरे होईल.