दाढ ठणकायची थांबली, मग रूट कॅनाल कशाला?

दातकोरणी

नेहमीचं चित्र आहे. दाढ रात्रभर ठणकते, दवाखान्यात 'रूट कॅनाल' (दाताच्या आतला खराब गाभा काढून मुळांतल्या बारीक नळ्या, म्हणजे कॅनाल, साफ करून भरणं) ऐकू येतं, माणूस घाबरून अँटिबायोटिक आणि वेदनाशामक गोळ्यांवर वेळ मारून नेतो. काही दिवसांत ठणका जातो. "बघा, गोळ्यांनीच बरं झालं!" विषय बंद. माझ्या मते इथेच बहुतेकांची दाढ हातची जाते.

दाताच्या आत मऊ गाभा असतो, त्यात नस आणि रक्तवाहिन्या. कीड तिथवर गेली की गाभा सुजतो. चहूबाजूंनी कठीण भिंती, सुजायला जागा नाही, म्हणून तो जीवघेणा ठणका. पुढे गाभा मरतो, आणि मेलेली नस दुखत नाही. जंतू मात्र मुळाच्या टोकातून जबड्याच्या हाडाकडे सरकत राहतात. गोळीतलं औषध जातं रक्तातून. जिथे रक्तच पोचत नाही तिथे ते काय करणार? अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या २०१९ च्या सूचना तर सांगतात, की एरवी धडधाकट असलेल्या प्रौढाला अशा दुखण्यात दातावरचा उपचार मिळणार असेल तर अँटिबायोटिक देऊच नये. ताप, गालावर किंवा गळ्याकडे पसरणारी सूज, गिळायला वा श्वासाला त्रास असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा चर्चा न करता रुग्णालय गाठायचं.

तर माझं मत: दाढ वाचण्यासारखी असेल तर रूट कॅनाल करा, आणि ठणका थांबला म्हणून पुढे ढकलू नका.

सडेतोड

साफ अमान्य. मेलेला दात तोंडात जपून ठेवायचा हट्ट कशासाठी? उपटा, जंतूंसकट गेला. रूट कॅनाल, मग कॅप (दातावर बसवायची टोपी), काही वर्षांनी पुन्हा तेच उकरायचं, तरी शेवटी काढायचाच. शिवाय हल्ली कीड दिसली की थेट रूट कॅनालच सांगतात, साधं सिमेंट भरायचं नावच नाही. आणि अशा दातातून शरीरभर विष पसरतं असंही वाचलंय, त्याचं काय?

दंतवैद्य_एक

विषाचं आधी संपवतो. विल्यम हंटर या इंग्लिश वैद्याने १९१० मध्ये मॉन्ट्रियलला भाषण देऊन तोंडातल्या जंतूंवर सगळ्या शरीराच्या आजारांचं खापर फोडलं. मग वेस्टन प्राइस या दंतवैद्याने रूट कॅनाल केलेले दात सशांच्या कातडीखाली बसवून ते आजारी पडतात असं दाखवलं. पुढे काटेकोर प्रयोगांत ते निष्कर्ष टिकले नाहीत, पण तोवर या कल्पनेपायी असंख्य लोकांचे चांगले दात उपटून झाले होते. तेच आता नव्याने फिरतंय.

'मेलेला दात' हेही अर्धंच खरं. गाभा गेला तरी दात हाडाशी तंतूंनी बांधलेला असतो आणि ते तंतू जिवंत असतात. म्हणून तर रूट कॅनालनंतर काही दिवस चावताना दुखतं. दाढ काढली की तिथलं हाड झिजतं, शेजारची दाढ रिकाम्या जागेत कलते, समोरच्या जबड्यातली लांबत येते. अक्कलदाढ असेल तर मात्र मीही बहुधा काढाच म्हणेन.

सरसकट रूट कॅनाल सांगण्याबद्दलची तुमची तक्रार रास्त आहे. गार लागल्यावर सणक येते आणि दोन-चार सेकंदांत जाते, अशी दाढ बहुतेक वेळा कीड काढून सिमेंट भरलं तरी सुधारते. गार-गरमानंतर कळ बराच वेळ रेंगाळते, किंवा काही न करता रात्री आडवं पडल्यावर ठणका सुरू होतो, तेव्हा सहसा गाभा सावरण्यापलीकडे गेलेला असतो. हे नुसतं बघून ठरवायचं नाही. गारव्याची चाचणी, दातावर ठोकून बघणं, एक्स-रे, एवढं झाल्याशिवाय होकार देऊ नका. गार काहीच लागत नसेल तरी खूश होऊ नका, बहुतेक वेळा गाभा मेलेला असतो.

शेवंती

गाभा 'सावरण्यापलीकडे' म्हणजे लगेच रूट कॅनाल, हे समीकरण आता जुनं होत चाललंय. फक्त वरच्या भागातला सुजलेला गाभा काढायचा, मुळांतला जिवंत ठेवायचा आणि त्यावर एमटीएसारखं सिमेंट लावायचं, असा उपाय मोठ्यांच्या पक्क्या दाढांतही होतो. २०१९ मध्ये युरोपियन सोसायटी ऑफ एन्डोडॉन्टॉलॉजीने आणि २०२१ मध्ये अमेरिकन असोसिएशन ऑफ एन्डोडॉन्टिस्ट्सने (दोन्ही दाताच्या गाभ्यावर उपचार करणाऱ्या तज्ज्ञांच्या संस्था) जिवंत गाभा वाचवण्याची बाजू मांडली आहे. रुग्णाला हा पर्याय असतो हेच किती जण सांगतात?

दंतवैद्य_एक

थोडेच सांगतात, कबूल. पण मुळांतला गाभा जिवंत हवा आणि वरचा गाभा काढल्यावर रक्त थांबायला हवं. आत पू झालेल्या दाढेत हा पर्याय उरत नाही. आणि नंतर तपासणीला यावं लागतं. ठणका थांबला की न येणाऱ्यांबद्दलच तर हा धागा आहे!

हिशेबी

आकड्यांशिवाय भांडण कशाला? २००४ साली अमेरिकेतल्या दंतविम्याच्या नोंदींवरून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. रूट कॅनाल केलेले साडेचौदा लाखांहून जास्त दात, आणि ८ वर्षांनी ९७ टक्के तोंडात शाबूत. सडेतोडजी, 'शेवटी काढायचाच' याला आधार नाही.

पण दातकोरणींनीही हुरळून जाऊ नये. दात तोंडात टिकला म्हणजे मुळाशी हाड भरून आलं असं नव्हे. ते एक्स-रेमध्येच कळतं, त्यालाही महिने जातात. याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते: जे दात काढावे लागले त्यांतल्या ८५ टक्के दातांवर पूर्ण कॅप नव्हती. म्हणजे रूट कॅनाल करून कॅप टाळणारे लोक अर्ध्यावर उठतात, मग दाढ तडकली की दोष उपचाराला.

सडेतोड

म्हणजे कॅपचा खर्चही पहिल्याच दिवशी धरायचा. मग तो पहिल्याच दिवशी सांगत का नाहीत?

दातकोरणी

सांगायलाच हवा, आणि आपण विचारायला हवा. पुढच्या दाताला दरवेळी कॅप लागत नाही, पण मागची दाढ चावण्याचा सगळा दाब घेते, तिला बहुतेक वेळा लागते.

आणखी एक विचारा: रबर डॅम लावणार का? दाताभोवती ताणून बसवायचा रबरी पडदा. १८६४ पासूनची युक्ती आहे. लाळेतले जंतू आत जात नाहीत, कॅनाल साफ करायची सुईसारखी बारीक फाइल घशात पडत नाही, आणि आत धुवायला वापरतात ते सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे ब्लीचच, तोंडात सांडत नाही. तो न लावता काम उरकणाऱ्याकडे मी तरी जाणार नाही.

शेवंती

आणि भूल? 'अजिबात दुखत नाही' असं छातीठोक सांगणाऱ्यांचा मला राग येतो. खालची दाढ ऐन ठणक्यात असेल तर एका इंजेक्शनने भूल पुरत नाही असं होतं. अशा वेळी हात वर करून थांबवायचं आणि जास्तीची भूल मागायची. सोसत बसण्यात काही शौर्य नाही.

हिशेबी

एका बैठकीत करावं की दोन-तीन, यावर लोक उगाच भांडतात. यशात फरक आढळलेला नाही. एका बैठकीत उरकलं तर नंतर थोडं जास्त दुखू शकतं, इतकंच.

सडेतोड

बरं, हिरडीच्या वर दाताची भिंतच उरलेली नाही, किंवा मूळ उभं तडकलंय, अशा दाढेचंही रूट कॅनालच करायचं का?

दंतवैद्य_एक

उभं तडकलेलं मूळ असेल तर काढाच, तिथे मी तुमच्या बाजूचा. भिंत उरलेली नसेल तर कॅप कशावर बसणार हे आधी ठरवायचं. ते जमत नसेल तर आतले कॅनाल कितीही सुरेख भरले तरी उपयोग शून्य.

मात्र 'एकदा केलेलं रूट कॅनाल बिघडलं' म्हणून लगेच उपटायला जाऊ नका. वरच्या पहिल्या दाढेला मुळं तीन, पण कॅनाल बहुधा चार, आणि चौथा इतका बारीक की सहज सुटतो. तो सापडवून पुन्हा साफ केला तर दाढ शांत होते. पहिल्या डॉक्टरांकडे जुने एक्स-रे मागा आणि आत फाइलचा तुकडा राहिलाय का तेही विचारा. कधी कधी तुटतो. ते रुग्णाला सांगणं डॉक्टरचं काम आहे.

सडेतोड

एक्स-रे मागितले तर देतात का ते आधी बघतो.